मासाभर उजेड

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. मिशिगन राज्यात, लान्सिंगच्या उत्तरेला एका शेतकऱ्याच्या ओकच्या रानात मी मचाणावर बसले होते. सूर्य बुडून दहा मिनिटं झाली होती. पांढऱ्या शेपटीच्या जातीची एक हरणी ओकची फळं वेचत २२ यार्डांवर आली, आडवी उभी राहिली, आणि मी बाण सोडला. थप्प असा आवाज आला. हरणी उसळली, पाठ वाकवून चार ढांगा टाकल्या आणि झुडपांत दिसेनाशी झाली.

बाण कुठे लागला ते मी पाहिलं नव्हतं. पण त्या क्षणी मला अगदी पक्कं वाटत होतं की पाहिलं: पुढच्या पायाच्या मागे, फुप्फुसात, जिथे लागायला हवा तिथेच. वीस मिनिटांनी मी खाली उतरले. पाचोळ्यात बाण सापडेना. रक्ताचे चार-पाच थेंब मिळाले, त्यांच्या मागे गेले. शंभरेक पावलांवर समोरच्या अंधारात काहीतरी धडपडत उठलं आणि पळालं. तेव्हा कुठे मी थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माग काढणाऱ्या कुत्र्याला घेऊन एक गृहस्थ आले. त्यांनी आधी बाण शोधला. तो हिरवट-तपकिरी होता आणि त्याला घाण वास येत होता. म्हणजे पोट. हरणी अर्ध्या किलोमीटरवर मिळाली. रात्रीत कायोटींनी तिचं बहुतेक सगळं खाल्लं होतं. पाठ वाकवून पळणं ही पोटात बाण लागल्याची खूण, हे मी पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांसमोर घडलं तेव्हा आठवलं नाही. पोटात लागलेल्या जनावराला आठ ते बारा तास एका जागी पडून राहू द्यायचं असतं. मी त्याला वीस मिनिटांत उठवलं आणि मरण्याआधी पळायला लावलं.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. त्या हिवाळ्यात मी बाणाच्या मागच्या टोकाला लावायच्या दिव्यांविषयी वाचायला सुरुवात केली.

पुढे जाण्याआधी महाराष्ट्रातल्या वाचकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आहे आणि ती बंदच असायला हवी, या मताची मी आहे. मी मूळची हुपरीची. आमच्या कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकरवी काळवीट धरत. आज देशी चित्ता उरलेला नाही. मिशिगनची परिस्थिती उलटी आहे. राज्याच्या दक्षिण भागातून लांडगे केव्हाच संपले, मक्याची शेतं मैलोन् मैल पसरली आणि हरणं बेसुमार वाढली. गाड्यांवर हरणं आदळण्याचे पन्नास हजारांहून जास्त अपघात या एका राज्यात वर्षाला नोंदले जातात. म्हणून इथे परवाना, प्रशिक्षण आणि ठरलेला हंगाम अशा चौकटीत शिकार होते. धनुष्यबाणाचा हंगाम १ ऑक्टोबर ते १४ नोव्हेंबर. मग १५ ते ३० नोव्हेंबर बंदुकांचा, आणि त्यानंतर नवीन वर्षापर्यंत पुन्हा धनुष्याचा. मांस घरी खातात. आमच्या घरी त्याचं सुकं होतं, कोल्हापुरी मसाल्यात, आणि रश्शाला पुरेसं हाडही मिळतं.

धनुष्याची शिकार या राज्याच्या अंगात मुरलेली आहे, आणि तिचं नातं मोटारींच्या कारखान्यांशी आहे, हे मला इथे येऊन समजलं. फ्रेड बेअर हा डेट्रॉइटच्या मोटार उद्योगात साचे घडवणारा माणूस. १९२७ मध्ये त्याने तिथल्या एका चित्रपटगृहात आर्ट यंगच्या अलास्कातल्या धनुष्यशिकारीचा चित्रपट पाहिला आणि पुढे १९३३ मध्ये धनुष्यांचा कारखाना काढला. हा आर्ट, म्हणजे आर्थर यंग, डॉ. सॅक्स्टन पोपचा शिकारीतला साथीदार. पोपने धनुष्याची शिकार शिकली ती इशी या माणसाकडून. इशी म्हणजे कॅलिफोर्नियातल्या याही लोकांपैकी शेवटचा. १९११ मध्ये तो ओरोव्हिलजवळ एकटा, उपाशी सापडला आणि १९१६ मध्ये क्षयाने गेला. अमेरिकेतल्या आधुनिक धनुष्यशिकारीचा उगम एका अशा माणसात आहे, ज्याचे बहुतेक लोक मारले गेले होते. भाता पाठीला लावताना ही गोष्ट विसरू नये असं मला वाटतं.

आता नॉक. बाणाच्या मागच्या टोकाला दोरी अडकवण्यासाठी खाच असते. पूर्वी ती बाणाच्या काठीतच कोरत. आजचे बाण कार्बनच्या पोकळ नळीचे असतात, त्यामुळे खाचेचा प्लॅस्टिकचा तुकडा वेगळा करून नळीत दाबून बसवतात. हा तुकडा म्हणजे नॉक. आपल्याकडच्या धनुर्विद्येच्या प्रबोधिनीतली मुलंही त्याला नॉकच म्हणतात. दिव्याच्या नॉकमध्ये या तुकड्याच्या पोटात एलईडी असतो आणि त्याच्या पुढे, नळीच्या आत, काडीसारखा लिथियमचा सेल. बाण धनुष्यावर असतो तोवर दिवा बंद. दोरी सुटली की पेटतो.

दिवा कशाला, याचं उत्तर वेगात आहे. माझं धनुष्य ४८ पौंड ताणाचं, कप्प्यांचं, म्हणजे कंपाउंड. सातारच्या अदिती स्वामीने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला ज्या प्रकारात जगज्जेतेपदं मिळवली, त्याच जातीचं. त्यातून माझा बाण सेकंदाला साधारण २३५ फूट वेगाने सुटतो, म्हणजे ताशी अडीचशे किलोमीटरच्या वर. वीस यार्ड कापायला त्याला पाव सेकंद लागतो. दोरीचा आवाज मात्र सेकंदाच्या विसाव्या भागात हरणाच्या कानावर पोचतो. आवाजाने दचकलेलं हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबतं आणि वळतं. बाण पोचतो तेव्हा ते मघाच्या जागी असतंच असं नाही. अशा वेळी संध्याकाळच्या उजेडात काळ्या नळीचा बाण डोळ्यांना दिसत नाही. मेंदू ती जागा भरून काढतो, आणि भरतो ती आपल्या इच्छेने. माझ्या मेंदूने त्या संध्याकाळी फुप्फुस भरलं.

पेटलेला नॉक हवेत एक रेघ ओढतो आणि ती रेघ जिथे संपते ती जागा डोळ्यांत राहते. बाण आरपार गेला तर पलीकडच्या पाचोळ्यात दिवा पेटत राहतो आणि बाण सापडतो. बाण हा पुरावा असतो. त्यावर फेसाळ, गुलाबीसर रक्त असेल तर फुप्फुस, काळसर लाल असेल तर यकृत, हिरवट घाण असेल तर पोट किंवा आतडी. कोणत्या रक्ताला किती थांबायचं ते ठरलेलं आहे. फुप्फुसाला अर्धा तास, यकृताला चार ते सहा तास, पोटाला रात्रभर.

या दिव्याने नेम सुधारत नाही. बाण सुटल्यावरच तो पेटतो, तेव्हा नेमाला मदत करायची वेळ गेलेली असते. तरीही त्याला परवानगी द्यावी की नाही यावर इथे बरीच वर्षं वाद चालला, कारण धनुष्याला किंवा बाणाला विजेचं काही नको, असा अनेक राज्यांचा जुना नियम होता. पोप आणि यंग यांच्या नावाने १९६१ मध्ये स्थापन झालेला पोप अँड यंग क्लब धनुष्यशिकारीच्या नोंदी ठेवतो. त्यानेही २०१४ मध्ये नियम बदलून दिव्याचा नॉक मान्य केला. तो निर्णय मला योग्य वाटतो. स्पर्धेत मात्र जागतिक तिरंदाजी महासंघ हे नॉक चालू देत नाही. तिथे लक्ष्य कागदाचं असतं, ते कुठे पळून जात नाही, म्हणून त्यांचंही बरोबर आहे. तुम्ही अमेरिकेत शिकार करणार असाल, तर तुमच्या राज्याचा नियम त्या वर्षीच्या शिकार-पुस्तिकेत स्वतः वाचून घ्यायचा. दुकानदाराच्या तोंडी ग्वाहीवर जायचं नाही.

निवडताना मी पहिली चूक मापाची केली. कार्बनच्या नळ्या आतून वेगवेगळ्या व्यासाच्या असतात: ०.२४६ इंच, ०.२३३, ०.२०४, आणि अगदी बारीक ०.१६६. पाकिटांवर इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात आणि प्रत्येक कंपनीचा संकेत वेगळा. मी बाण न मोजता पाकीट उचललं. नॉक किंचित सैल बसला, म्हणून त्यावर पातळ टेपचा वेढा दिला. तिसऱ्या बाणाला दिवा फोमच्या लक्ष्यात शिरताना निसटून गवतात पडला. मी मोटारींचे भाग मोजण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. कामावर इतका सैल भाग मी परत पाठवला असता. आता नळीचं तोंड व्हर्निअरने मोजते, मगच खरेदी. नॉक दोन बोटांच्या जोराने आत जायला हवा आणि ओढल्याशिवाय फिरायला नको. काही पाकिटांत वेगवेगळ्या व्यासांसाठी छोट्या कड्या येतात. त्या चालतात, पण कडीसकट बसवलेला नॉक सरळ रेषेत आहे ना, ते बाण बोटांवर गरगर फिरवून पाहायचं. टोक डुगडुगलं तर बाण वाकडा जातो.

खाच दोरीवरही नीट बसली पाहिजे. त्याची परीक्षा सोपी आहे. धनुष्य आडवं धरून बाण दोरीला खाली लोंबता अडकवायचा. बाण आपल्या वजनाने सुटता कामा नये, पण दोरीवर बोटाने टिचकी मारली की सुटला पाहिजे. घट्ट नॉक बाणाला मागे ओढतो, सैल नॉक दोरी सोडून देतो, आणि बाणाविना सुटलेल्या दोरीने धनुष्य फुटू शकतं.

आता वजन. नीट कोणी समजावून सांगत नाही असं प्रकरण हेच, म्हणून थोडं थांबते.

साधा नॉक नऊ-दहा ग्रेनचा असतो. दिव्याचा वीस ते तीस ग्रेनचा. ग्रेन हे इथे बाणाचं वजनमाप. एक ग्रॅम म्हणजे साडेपंधरा ग्रेन. माझ्या नॉकने १४ ग्रेनची भर घातली, म्हणजे एका ग्रॅमलाही कमी. पूर्ण बाण ३८० ग्रेनचा. एवढ्याने काय होतं, असं मला वाटलं. तेव्हा हुपरीला घरी अण्णांशी व्हिडिओ कॉल चालू होता. अण्णांनी चाळीस वर्षं चांदीचं काम केलं, काटा त्यांच्या बोटांत आहे. त्यांना मी ग्रेन सांगितले तर ते लगेच म्हणाले, ‘‘तोळा १८० ग्रेनचा. तोळ्याचे बारा मासे. म्हंजे तुझा दिवा मासाभराचा.’’ मग म्हणाले, ‘‘मासाभर म्हंजे काय थोडं वाटलं व्हय गं तुला? नथीत मासाभर जादा झालं, तर बाई दिसभर नाकाला हात लावत बसती.’’

अण्णांनी बाण कधी हातात धरलेला नाही, पण त्यांचं म्हणणं अचूक आहे. वजन किती, यापेक्षा ते कुठे आहे याला महत्त्व. बाण नीट उडायचा तर त्याचा तोल मध्यापेक्षा पुढे असावा लागतो. विटी-दांडूतली विटी हवेत कोलांट्या खाते, कारण तिची दोन्ही टोकं सारखी. बाणाला जड टोक पुढे ओढतं आणि पिसं मागून सरळ ठेवतात. माझा बाण २७ इंची. साधा नॉक असताना तो नॉकपासून १६.९ इंचांवर बोटावर तोलत असे. म्हणजे मध्याच्या ३.४ इंच पुढे, लांबीच्या साडेबारा टक्के. शिकारीच्या बाणाला दहा ते पंधरा टक्के चांगले मानतात. दिव्याचा नॉक लावल्यावर तोल १६.३ इंचांवर सरकला आणि साडेबाराचे साडेदहा टक्के झाले. मासाभर वजनाने दोन टक्के खाल्ले, कारण ते बाणाच्या सगळ्यात मागच्या टोकाला होतं. पुढचं पातं १०० ग्रेनऐवजी १२५ ग्रेनचं लावल्यावर तोल पुन्हा १७ इंचांजवळ आला.

पण तेवढ्याने काम संपत नाही. बाण आता ३९ ग्रेनने जड झाला, तेव्हा हळू झाला आणि वीस यार्डांच्या पुढे खाली पडू लागला. शिवाय पुढचं वजन वाढलं की सुटताना बाण जास्त लवतो. मागचं वजन वाढलं की कमी लवतो. दोन्ही वाढवली तर ते एकमेकांना काही अंशी सावरतात, पण किती, हे फक्त बाण मारूनच समजतं. म्हणून साध्या नॉकवर उन्हाळाभर सराव करायचा आणि ३० सप्टेंबरच्या रात्री दिवा लावून सकाळी रानात जायचं, हे मला अक्षम्य वाटतं. ज्या बाणाने सराव केला तो हा बाणच नव्हे.

दिवा पेटवण्याच्या तऱ्हा तीन-चार आहेत. सर्वांत रुळलेली म्हणजे दोरीच्या धक्क्याने नॉक किंचित आत सरकतो आणि संपर्क जुळतो. विझवण्यासाठी बारीक टोकाने आतली कळ मागे ढकलायची. दुसऱ्या प्रकारात बाणाच्या झटक्याचाच वेग ओळखणारी कळ असते. धनुष्याला चुंबक लावून त्याच्याजवळून जाताना पेटणारे नॉकही निघाले होते. मी पहिल्याच प्रकारावर स्थिरावले, कारण त्यात बिघडण्यासारखं कमी आहे. तरी त्याची एक खोड आहे. नॉक बसवताना जोराने दाबला तर तो भात्यातच पेटतो, आणि भर दुपारी, मचाणावर चढण्याआधी, पाठीमागे दिवा जळतोय हे आपल्याला दिसत नाही. मी आता निघण्यापूर्वी भाता अंधाऱ्या गॅरेजमध्ये नेऊन पाहते. सौम्य ताणाच्या धनुष्यावर काही नॉक पेटतच नाहीत, हेही खरं. माझ्यासारख्या ४५-५० पौंडांवर मारणाऱ्या बायकांनी आणि शिकाऊ मुलांनी पाकिटातला प्रत्येक नॉक दहा वेळा मारून पाहावा. दहातून एकदा जरी राहिला, तर तो सरावाला ठेवावा.

त्या सेलची एक गोष्ट मला फार आवडते. नॉकमध्ये बहुधा असतो तो ३ व्होल्टचा, काडीसारखा, चार मिलिमीटर जाडीचा आणि इंचभर लांबीचा. जपानमध्ये रात्री गळ टाकून बसणारे लोक पाण्यावर तरंगणाऱ्या बोंडात हाच सेल घालतात. मासा लागला की पाण्यातला दिवा बुडतो. एका शांत शिकारीची वस्तू दुसऱ्या शांत शिकारीच्या कामी आली. हे सेल रात्रभर दिवा पेटता ठेवतात, थंडीत थोडे मंदावतात. दर हंगामाच्या सुरुवातीला मी नवे घालते आणि जुने कचऱ्यात न टाकता बॅटऱ्या गोळा करणाऱ्या केंद्रावर देते.

रंगाबद्दल लोक आवडीने बोलतात, पण ही डोळ्यांची बाब आहे. उजेड उतरतो तसा आपला डोळा लाल रंगाला मंद होत जातो आणि हिरव्या-निळ्याला तल्लख राहतो. झेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये याच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. संध्याकाळी बागेतली लाल जास्वंद आधी काळी पडते आणि पानं तेवढी दिसत राहतात, ते याचमुळे. त्या हिशेबाने हिरवा दिवा उजवा. पण भडक हिरव्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे सेल थकला किंवा गारठला की हिरवा आधी मंदावतो. माझा शेजारी सत्तरीचा आहे, साचेकाम करून निवृत्त झालेला. त्याला जन्मापासून लाल आणि तपकिरी रंगांतला फरक नीट समजत नाही. युरोपीय वंशाच्या बारा पुरुषांत साधारण एकाला लाल-हिरव्याचा असा दोष असतो. लाल नॉक त्याला ओकच्या पाचोळ्यात मुळी दिसेना. तेव्हा उपाय एकच: लाल एक, हिरवा एक असे दोन घ्यायचे, सूर्यास्ताला चाळीस पावलांवर पाचोळ्यात टाकायचे, आणि आपल्याला कोणता दिसतो ते पाहायचं. मी हिरव्यावर राहिले. तो हिरव्यावरच आला, निराळ्या कारणाने.

आता सराव. लक्ष्यावर एकाच ठिकाणी बाणांचा झुबका बसवणं ही दिवसाउजेडीची साधना, आणि तीत दिव्याचे नॉक वापरू नयेत. एक बाण दुसऱ्याच्या शेपटात घुसला की तीस-एक डॉलरच्या पाकिटातला तिसरा हिस्सा गेला. काही कंपन्या त्याच वजनाचे, बिनदिव्याचे नॉक सरावासाठी देतात. ते नसतील तर पेटलेल्या बाणांना प्रत्येकी वेगळं लक्ष्य द्यावं. मी ऑगस्टभर जड नॉक आणि १२५ ग्रेनच्या टोकाने मारते आणि २०, २५, ३० यार्डांच्या नेमाच्या खुणा नव्याने बसवते. सप्टेंबरमध्ये शिकारीचं खरं पातं लावून तेच तपासते, कारण पात्याला वारा धरतो. दर बाणानंतर नॉकच्या खाचेला तडा गेलेला नाही ना हे नखाने पाहायचं, आणि नळी हलकी वाकवून कान लावायचा. कार्बन फुटला असेल तर करकरतो.

खरा सराव मात्र संध्याकाळचा. महाभारताच्या आदिपर्वात अर्जुन जेवत असताना वाऱ्याने दिवा विझतो आणि अंधारातही हात बरोबर तोंडाशी जातो. सवयीची ही ताकद ओळखून तो रात्री बाण मारायला लागतो. आम्हाला अंधारात मारायची मुभा नाही. मिशिगनमध्ये सूर्यास्तानंतर अर्धा तास झाला की बाण सोडायचा नाही, आणि भात्यात दिवे आहेत म्हणून ती वेळ एका मिनिटाने पुढे जात नाही. आमचा सराव पाहण्याचा आहे.

तो मी असा करते. हरणाच्या आकाराचं फोमचं लक्ष्य शेजारी मला न सांगता कुठेतरी ठेवतो, कधी आडवं, कधी किंचित तिरकं. मी सरावाच्या मचाणावर, पडू नये म्हणून पट्टा बांधून. सूर्य बुडाला की एकच बाण. बाण लागताक्षणी, दुर्बिणीला हात न लावता, मी मोठ्याने बोलते: ‘‘पुढच्या पायाच्या मागे वीतभर, मध्यापेक्षा चार बोटं वर.’’ तो वहीत लिहितो. मग आम्ही जाऊन मोजतो. पहिल्या वर्षी माझं बोलणं आणि बाण यांत वीत-वीतभर फरक पडायचा. बाण मात्र चांगला असायचा! म्हणजे हात तयार होता, डोळा नव्हता. दिवा लावला म्हणून दिसत नाही, त्याच्याकडे बघायला शिकावं लागतं. बाण सुटल्यावर धनुष्य खाली करून डोकावण्याची सवय सगळ्यांना असते. दिवा नेमका त्याच क्षणी नजरेआड होतो. हात तसाच धरून, डोळे लक्ष्यावर ठेवून, रेघ संपेपर्यंत थांबायचं. हे शिकायला मला दोन हंगाम लागले, आणि त्याने माझा नेमही सुधारला, कारण धनुष्य लवकर खाली करणं हेच वाकड्या बाणाचं मूळ होतं.

पेटलेली रेघ आणखी एक गोष्ट दाखवते, ती म्हणजे बाणाची चाल. रेघ सरळ हवी. ती माशाच्या शेपटीसारखी डावी-उजवीकडे हलली, किंवा वर-खाली उसळली, तर धनुष्याची जुळणी बिघडली आहे. फोनवर मंद गतीने चित्रण केलं तर हे स्वच्छ दिसतं.

दिव्याचा एक धोका आहे. पाचोळ्यात आपला दिवा लुकलुकताना दिसला की पाय धावतात. धावायचं नाही. सेल रात्रभर टिकतो, बाण कुठे जात नाही, आणि जखमी जनावर तिथून पन्नास पावलांवर पडलेलं असू शकतं. दिवा हरणाच्या अंगातच राहून पळत गेला, तर तो शेवटचा कुठे दिसला ती जागा झाडाच्या खुणेने मनात पक्की करायची आणि बसून राहायचं.

मागच्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात या थांबण्याचीच परीक्षा झाली. त्याच रानात, २४ यार्डांवर, एक हरणी. मी बाण सोडला आणि हिरवी रेघ तिच्या अंगात शिरताना पाहिली: हवी त्यापेक्षा वीतभर मागे. ती शेवटच्या क्षणी दबून वळली होती. बाण आरपार गेला आणि पलीकडे पाचोळ्यात दिवा पेटत राहिला. नऊ वर्षांपूर्वी मी त्या बाणाला चांगला म्हटलं असतं. या वेळी मी मचाणावर अंधार होईतो बसले, उतरून हरणी गेली त्या बाजूला पाठ करून गाडीपर्यंत गेले आणि घरी आले. शेजाऱ्याला फोन केला. पाच तासांनी आम्ही दोघं टॉर्च घेऊन गेलो. दिवा तसाच जळत होता. बाणावरचं रक्त काळसर लाल होतं. यकृत. तिथून १३० पावलांवर ती जिथे पहिल्यांदा खाली बसली होती तिथेच, मान मुडपून, गेलेली होती. कोणी तिला उठवलं नव्हतं.

इथल्या मराठी मंडळांत अलीकडे काही तरुण मुलं-मुली मला विचारतात की आम्हालाही शिकायचंय. त्यांना माझं सांगणं आहे: १ ऑक्टोबरची वाट पाहू नका, नॉक जुलैत घ्या. नळी मोजून घ्या, बाण तोलून घ्या, आणि पहिलं पाकीट पूर्णपणे सरावात संपवा. संध्याकाळी दहा बाण मारून, दहाही वेळा, तो कुठे लागला हे जाऊन पाहण्याआधी बरोबर सांगता येत नसेल, तर या हंगामात सूर्य बुडायच्या आत मचाणावरून उतरा.